शांततेनंतरचा शब्द

सासूबाई रुसल्या आहेत, याबद्दल राजवाड्यात कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो कारणावरून. स्वयंपाकी म्हणे, चहा पांचट झाला म्हणून. मुलगा म्हणे, बायकोने ग्रंथाच्या प्रस्तावनेत आईचे आभार मानले नाहीत म्हणून. काही असो, आठवडा झाला तरी बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. जेवायच्या, पण चमचासुद्धा ताटलीवर वाजू द्यायच्या नाहीत.

त्यांची सून होती बत्तीस चंद्रांची सम्राज्ञी. तिला रुसवे काढायला फुरसत कुठली! त्याच आठवड्यात बर्फाचा चंद्रही गप्प झाला होता. तिथल्या खाणींतल्या बर्फावर सगळ्या साम्राज्याची तहान भागायची, आणि बर्फ येणंच थांबलं होतं. बिनतारीवर हाक मारावी, तर पलीकडून नुसती खरखर. सेनापतींच्या लेखी हे सरळसरळ बंड होतं. दिवस मावळताना आरमार निघायचं होतं. फक्त सम्राज्ञीची सही व्हायची बाकी होती.

"तेही शांततेवरचा ग्रंथ ऐकवल्यावर लगेच!" सेनापती म्हणाले. "सरकार, ही आपली उघड उघड चेष्टा आहे."

ग्रंथ म्हणजे तिचा जीव की प्राण. राज्यात शांतता कशी नांदावी यावर चारशे पानं तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि पहिला भाग ध्वनिक्षेपकावरून सगळ्या चंद्रांना स्वतःच वाचून दाखवला होता. आता सही केली, की त्याच हाताने एक अख्खा चंद्र बेचिराख होणार. हे तिला खुपत होतंच, पण डोकं पोखरत होतं ते वेगळंच कोडं. बंडखोर घोषणा देतात, शिव्या हासडतात, मागण्यांचा पाढा वाचतात. ही कसली बंडखोर माणसं, जी ब्रसुद्धा काढत नाहीत?

दुपारी जेवायला बसल्यावर तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्यांनी खुर्ची भिंतीला चिकटवली होती आणि कान भिंतीला. सम्राज्ञी चमकली. सासूबाईंचं माहेर बर्फाच्या चंद्रावरचं!

"अहो आई, तुमच्या माहेरावर आरमार निघालंय. आता तरी बोला!"

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट सुनेच्या तोंडाकडे रोखलं. सुनेने कागद-पेन्सिल पुढे सरकवली, तर त्यांनी ती विंचू दिसल्यासारखी लांब ढकलली.

"अहो," तिने नवऱ्याला हलवलं, "आई चिडल्या की अशाच गप्प बसायच्या का हो?"

"छे! चिडली की चार खोल्यांपलीकडे ऐकू यायची," तो हसला. "गप्प बसायचो ते आम्ही. झोपताना तिनं 'शांतता!' म्हटलं, की हूं की चूं करायची सोय नव्हती. कागदावर पेन्सिल घासली तरी डोळे वटारायची. सकाळी ती 'मोकळं!' म्हणाली, की मग आमचा धिंगाणा. खाणीतली पद्धत आहे गं ती. बर्फ तडकल्याचा आवाज ऐकायचा, तर सगळ्यांनी काम सोडून गप्प राहायचं. ज्यानं शांतता पुकारली, त्यानंच मोकळं म्हणायचं. एकदा कोणीतरी मध्येच हसलं आणि सगळा बोगदा खाली आला म्हणे. मला अजून भीती वाटते त्या गोष्टीची."

सम्राज्ञीचा घास हातातच राहिला. तिला आपलं वाचन आठवलं. ध्वनिक्षेपकापुढे उभं राहून तिने पहिला शब्द ठणकावून म्हटला होता, "शांतता!" आणि ऐकणाऱ्यांवर छाप पडावी म्हणून चांगली थांबली होती. बर्फाच्या चंद्रावर त्या दिवशी कोणी साधं खोकलंही नाही, याचं तिला केवढं कौतुक वाटलं होतं!

ती तडक उठली आणि तिने ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. तह होते, सरहद्दी होत्या, संयम तर पानोपानी होता. 'मोकळं' मात्र चारशे पानांत एकदाही नव्हतं. आधी तिला हसू आलं, आणि मग लाज वाटली.

ती 'मोकळं' पुकारायला बिनतारीच्या खोलीत गेल्याचं कळताच सेनापती धावत आले. "सरकार, ध्वनिक्षेपक बत्तीसही चंद्रांवर एकदमच वाजतात. एकालाच सांगायची सोय नाही. बाकीचे 'मोकळं'चा काय अर्थ लावतील? साम्राज्यातून सुटलो असं समजले तर?"

"तोच विचार करतेय," ती म्हणाली. मनातून ती पुरती घाबरली होती. मागे सासूबाई तिची बाही घट्ट धरून उभ्या होत्या.

तिने बटण दाबलं. "मोकळं!"

आधी नुसती खरखर. मग कोणीतरी खोकलं. एक बाई कुणावर तरी खेकसली, एक पोर रडलं, यंत्रं घरघरली, आणि मग सगळा चंद्र एकदम बोलायला लागला. सासूबाईंनी आठवडाभर कोंडलेला श्वास सोडला.

"तिसरं प्रकरण फार रटाळ झालंय गं," त्या म्हणाल्या, आणि हुंदके देऊन रडायला लागल्या.

सम्राज्ञीने आरमाराचा हुकूम फाडला. तेवढ्यात समोरच्या बिनतारी यंत्रावर दुसऱ्या एका चंद्राचा दिवा लागला. मग तिसऱ्याचा. त्या दुसऱ्या चंद्रावरून कोणीतरी चाचरत विचारलं, "सरकार, ते मोकळं म्हणालात... ते आम्हालापण का?"

"नाही म्हणा!" सेनापतींचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकून झालं म्हणा, सरकार, ताबडतोब—"

"शांतता!" सासूबाई कडाडल्या. सेनापतींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

सम्राज्ञीने लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं. तिने पुन्हा बटण दाबलं.

"हो," ती म्हणाली. "तुम्हालापण."