पाव येईपर्यंत

गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास जेर्बा बेटावरच्या कमिसाताईंच्या घरी सगळ्यांनी हात धुतले, टोपलीवरचे फडके उचलले, आणि टोपली रिकामी निघाली.

मित्रांनो, मी एक जुना, दोन कानांचा तांब्या आहे. मबरूक तांबटाने मला ठोकून घडवले. इथल्या ज्यू घरांत पाव मोडण्याआधी माझ्या पाण्याने हात धुतात. मग प्रार्थना म्हणायची आणि पावाचा पहिला घास पोटात जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. एरवी ही शांतता जेमतेम चार श्वासांची. तेवढ्यात बाजारात अडकलेले मन ताटावर येते.

मधली काही वर्षे माझ्या जागी प्लास्टिकचा मग होता. मी अंगणात कपड्यांचे चिमटे सांभाळत काळा पडलो. त्या दिवशी तो मग तडकला, म्हणून कमिसाताईंची मुलगी नेजमा हिने मला लिंबू-मिठाने घासून आत आणले.

पाहुणे होते सोनार रहामीम आणि त्यांचा मुलगा उझान. उझान आणि नेजमा यांना लग्न करायचे होते. नेजमा शाळेत शिकवते आणि पुढेही शिकवणार होती. रहामीम यांना ते मान्य नव्हते.

"शाळा सांभाळणारी सून घर काय सांभाळणार?" हात पुढे करता करता ते म्हणाले. "ताई, उत्तर घेऊनच आलोय. पाव मोडू, मग सांगतो. गोड लागणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

नेजमाने माझ्यातले पाणी त्यांच्या हातावर ओतले.

आणि टोपली रिकामी! भट्टीवरून पाव आईने आणला असेल असे नेजमाचा भाऊ पिन्हास समजला होता, आणि आई समजली होती की त्याने. बोलायची सोय नव्हती. आईने डोळे वटारले, पिन्हास धावला. भट्टीवाल्याला त्याने आपला पाव खुणा करून दाखवला म्हणे, आणि तिथे हशा पिकला.

घरात मात्र सगळे गप्प. रहामीम जेवताना कधी गप्प बसलेले कोणी पाहिले नव्हते. त्यांनी दोनदा तोंड उघडले आणि मिटले. मग नाइलाजाने बघू लागले. रव्याच्या कुसकुसाची वाफ, माशावरचे लिंबू. छातीत जळजळत असावे, तसा त्यांनी नकळत छातीवर हात चोळला. नेजमाने ते पाहिले आणि मिरचीची वाटी उचलून त्यांच्यापासून दूर ठेवली. रहामीम वाटीकडे आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

पाव आला. मिठात बुडवलेला तुकडा त्यांनी सावकाश चावला. मग कुसकुसाचा घास घेतला.

"ताई, यात बडीशेप घातलीत?"

"भाऊ, दर सणाला तुम्ही इथे जेवता. बडीशेप दर वेळी असते."

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"बाबा," उझान म्हणाला, "सांगायला जागा कधी ठेवलीत?"

सगळ्यांत मोठ्याने रहामीमच हसले. त्यांनी दोनदा वाढून घेतले. आणलेले उत्तर ते न सांगताच घरी घेऊन गेले!

मित्रांनो, मी आता पुन्हा नळाशेजारच्या कोनाड्यात झळकतो आहे. मला रोज घासा, एवढेच मागणे. आणि हात धुतल्यावर घाई करू नका. ताटाकडे बघा, ताटापलीकडच्या माणसाकडेही बघा.

रविवारी सकाळी रहामीम यांच्या पत्नी झैझा येऊन गेल्या.

"हा तांब्या कुठे मिळाला गं, कमिसा? आमचे हे हात धुऊन नुसते बसून राहतात. पाव समोर असतो तरी! घरात इतकी शांतता, मला तर धडकीच भरते."

लग्नाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र दोऱ्याने नेजमाच्या बोटाचे माप घेऊन गेल्या. रहामीम यांचे उत्तर अजून आलेले नाही.