बंद नळ्या

आमच्या पिकअपचा रेडिएटर फुटला तो दुकानाच्या दारातच. काचा भरून मी निघणार, तेवढ्यात खाली धार लागली आणि पाच मिनिटांत गाडीखाली हिरव्या पाण्याचं तळं झालं.

माझं काचांचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा कापायच्या, गाडीतल्या तिरक्या स्टँडवर उभ्या बांधायच्या आणि नेऊन पोचवायच्या, हे मी चाळीस वर्षं करतोय. गाडीही जवळजवळ तेवढीच जुनी. बायको गेल्यावर अकरा महिने दुकान बंद होतं. डोंगरावरच्या शाळेच्या खिडक्यांचं काम आलं म्हणून परत उघडलं, तर पहिल्याच खेपेला हे.

मी मिस्त्रीला फोन केला. दुसऱ्या कुणाला करायचा प्रश्नच नव्हता. त्याचं गॅरेज आणि माझं दुकान एकाच वर्षी सुरू झालं, आणि तेव्हापासून या गाडीला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. बायको त्याला भावोजी म्हणायची. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी गॅरेज बंद करून तो माझ्याकडे जेवायला येतो. मी काहीतरी शिजवतो, तो त्याला नावं ठेवतो आणि दोनदा वाढून घेतो. मुलगी लांब असते. घरात माझ्याशी बोलणारा माणूस तेवढा एकच उरला होता.

"फुटला? बरं झालं," मिस्त्री म्हणाला. "आता नवाच घाल. अ‍ॅल्युमिनियमचा."

मला हसू आलं. "हे तू सांगतोस? जन्मभर त्याला पत्र्याचा डबा म्हणत आलास. पक्ष कधी बदललास?"

"दिवस बदलले, काचवाल्या. हलका असतो, लगेच मिळतो. जुना काढ आणि माझ्याकडे आणून टाक, मी देतो भंगारात."

"अरे, पण त्यात तू नवा कोअर घातलास त्याला दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. टाक्या पितळेच्या आहेत. कुठे फुटलाय ते बघून दुरुस्त केला तर..."

"टाकून दे म्हणतोय ना. कशाला उकरत बसतोस? ठेव आता, गिऱ्हाईक उभं आहे."

कोअर म्हणजे रेडिएटरचा मधला भाग. वर एक टाकी, खाली एक टाकी आणि मध्ये तांब्याच्या पातळ नळ्यांच्या रांगा. इंजिनाचं गरम पाणी त्यातून खाली येतं आणि येता येता निवतं. जितक्या नळ्या मोकळ्या, तितकं पाणी निवणार. एवढं मला मिस्त्रीकडे बसून बसून कळायला लागलं होतं. रेडिएटर काढायचा कसा तेही बघून ठेवलं होतं. चार बोल्ट आणि पाण्याचे दोन रबरी होज. दुपारी मी तो उतरवला, शेजाऱ्याच्या गाडीत घातला आणि पुलापलीकडच्या रेडिएटरवाल्या ताईंकडे गेलो. मिस्त्रीने सांगितलेला अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा, असंच मनात होतं. जुना बरोबर नेला तो माप जुळवायला.

ताईंनी वडिलांचं दुकान चालवायला घेतलंय. हातात जाड मोजे, कपाळाला काजळी. भिंतीला वीस-पंचवीस रेडिएटर टेकवून ठेवलेले.

"गाडीतून काय नेता काका?"

"काच."

"म्हणजे चांगलंच ओझं. हा तयार अ‍ॅल्युमिनियमचा तुम्हाला परवडेल, पण बसवायला पुढची पट्टी कापावी लागेल. टाक्या प्लॅस्टिकच्या आहेत, फुटल्या तर दुरुस्ती नाही. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या याच टाक्यांना नवा कोअर. आठ दिवस लागतील, पण मग तुम्ही आणि मी नसू तेव्हाही तो असेल."

"कोअर नवाच आहे त्यात."

त्यांनी रेडिएटर उचलून उजेडात धरला, फुंकर मारली, मोजा काढून नखाने काळा रंग थोडा खरवडला. "काका, वरची टाकी उघडल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

त्यांनी गॅसचा टॉर्च पेटवला, कडेकडेने टाकीच्या जोडाचं सोल्डर वितळवलं आणि टाकी भांड्यावरच्या झाकणासारखी उचलून बाजूला ठेवली. मग मला जवळ बोलावलं.

नळ्यांची तोंडं दिसत होती. तीन रांगा. त्यातली मागची रांग जवळजवळ सगळी सोल्डरने बुजवलेली होती. मधल्या रांगेतल्याही बऱ्याच.

"हा कोअर गाडीइतकाच जुना आहे," ताई म्हणाल्या. "गळक्या नळ्या वर-खाली बुजवून टाकल्यात आणि वरून रंग मारलाय. एक-दोन नळ्या आम्हीही बंद करतो, अडल्यानडल्याला. पण इथे निम्म्या मेल्यात. चढावर तापत असेल."

"तापायची."

"मग काय करायचात?"

"हीटर लावायचो. इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो ना तो."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

मी हो म्हटलं. त्यांनी टॉर्च बंद केला.

"मिस्त्रीला कुणीतरी जुना माल नवा म्हणून दिला असेल," मी म्हणालो.

"असेल," ताई म्हणाल्या. "पण सोल्डर करणाऱ्याचा हात चांगला आहे हां. प्रत्येक थेंब पुसून सारखा केलाय. इतकं नीट कुणी करत नाही."

तेव्हा मला कळलं. सोल्डर गरम असतानाच ओल्या फडक्याने पुसायची सवय एकाच माणसाची. मी चाळीस वर्षं ते बघत आलो होतो, बाकड्यावर बसून, गप्पा मारत.

बायकोला औषध चढवायला दर बुधवारी डोंगरावरच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. दीड तासाचा रस्ता, त्यातला अर्धा चढ. उपचार सुरू व्हायच्या आधी मी मुद्दाम गाडी मिस्त्रीकडे दिली होती. त्याला म्हणालो होतो, काय वाट्टेल ते कर, पण वाटेत बंद पडता कामा नये. त्याने दहा-बारा दिवस ठेवून घेतली. देताना म्हणाला, नवा कोअर घातलाय, आता दहा वर्षं बघू नकोस.

पहिल्याच बुधवारी काटा लाल खुणेला टेकला. त्याला सांगितलं, तर म्हणाला, जुनं इंजिन आहे, तापणारच, चढाला हीटर पूर्ण सोडत जा. तसं केलं की काटा खाली यायचा. म्हणून मी दर बुधवारी तसं करायचो. उन्हाळा, खिडक्या उघड्या, बाहेरून झळा आणि आतून हीटर. हीटरचं तोंड तिच्या पायाशी होतं. ती चपला काढून पाय सीटवर घ्यायची आणि रुमाल भिजवून डोक्यावर टाकायची. केस राहिले नव्हते. एकदा म्हणाली, "भावोजींना म्हणावं, पुढच्या वेळी सीटखाली चूलच बसवून द्या, येताना स्वयंपाक तरी होईल." दुसऱ्यांदा म्हणाली, "अहो, एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवा ना गाडी." त्यावर मी चिडलो. म्हणालो, त्याच्यापेक्षा या गाडीतलं कुणाला जास्त कळतं? नंतर तिने कधी विषय काढला नाही.

ताईंकडून मी तसाच गॅरेजवर गेलो. मिस्त्री एका गाडीखाली होता. मी बुटाने त्याच्या बुटाला ढोसलं.

"आलास? घेतलास का अ‍ॅल्युमिनियमचा?" तो खालूनच म्हणाला.

"टाकी उघडली."

तो लगेच बाहेर आला नाही. पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सरकत बाहेर आला आणि हात पुसत बसला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच होता.

"कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"एवढंच विचारायचंय तुला?"

"सप्लायरने फसवलं मला. मी काय प्रत्येक कोअर फोडून..."

"सोल्डर तुझं आहे."

तो रस्त्याकडे बघायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "कोअर आला होता. खरंच आला होता तुझ्यासाठी. त्याच दिवशी दूधवाल्याची गाडी बसली, तुझ्यासारखीच. त्याचा रोजचा धंदा. म्हटलं, याला घालतो, तुझा दुसरा मागवतो."

"मग मागवला का नाहीस?"

"जाऊ दे ना आता. वहिनी गेल्या, गाडी तेवढी राहिली. मी स्वतः घालून देतो नवा. हवा तर तांब्याचा. सगळा खर्च माझा."

"का नाही मागवलास?"

"कशाला वदवून घेतोस?"

"मला ऐकायचंय."

"तूच तर येऊन सांगितलंस," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले दोन, फार तर तीन महिने. म्हटलं, अशा किती फेऱ्या होणार? तेवढ्याला हाही चालेल."

हे मी त्याला सांगितलं होतं. गाडी त्याच्याकडे होती त्याच दिवसांत, इथेच, समोरच्या टायरवर बसून. बायकोला सांगितलं नव्हतं, मुलीला सांगितलं नव्हतं. एकट्याला पेलेना म्हणून याला सांगितलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला होता. खोटं नव्हता रडला, ते आजही मी म्हणेन. आणि मग डोळे पुसून त्याने हिशेब केला.

"एकतीस," मी म्हणालो.

"काय?"

"एकतीस बुधवार झाले."

तो एवढंच म्हणाला, "दर वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, एवढ्यात काय सांगायचं, आता थोडेच दिवस..."

"गप्प बस," मी म्हणालो आणि निघालो.

ताईंकडे परत गेलो आणि तांब्याचा कोअर सांगितला. त्यांनी वहीत गाडीचं माप लिहून घेतलं. मग विचारलं, "बसवणार कोण? मिस्त्रीचं नाव सांगा, मी त्यांच्याकडे पाठवून देते."

चाळीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मला कधी शोधावं लागलं नव्हतं.

"तुम्हीच बसवा," मी म्हणालो. "मी धरू लागतो."

त्या आठ दिवसांत मिस्त्री रोज यायचा. दार वाजवायचा, थोडा वेळ थांबायचा, जायचा. मी आत एकाच ताटात वाढून घेऊन बसलेला असायचो. एका संध्याकाळी बाहेरूनच म्हणाला, "अरे काचवाल्या, निदान शिव्या तरी घाल." मला शिव्याही सुचल्या नाहीत. मुलीला फोनवर सांगावंसं वाटलं, पण मग डॉक्टर काय म्हणाले होते तेही सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं.

नवव्या दिवशी शाळेच्या काचा भरल्या आणि डोंगर चढलो. तोच रस्ता. गाडीत चाळीस काचा, वर ऊन. हॉस्पिटलचं वळण आलं, गेलं, तरी काटा अर्ध्यावरून हलला नाही. हीटरला हात लावायची गरज पडली नाही. पंधरा-सोळा किलोमीटरचा चढ गाडी गुणगुणत चढली. शाळेच्या फाटकाशी मी इंजिन बंद केलं आणि उतरलोच नाही. बाजूच्या सीटकडे बघायची माझी छाती होईना. हे इतकं सोपं होतं. आठ दिवसांचं काम होतं.

परत आलो तर मिस्त्री दुकानाच्या पायरीवर बसलेला. मी गाडी लावली, स्टँडचे दोर सोडायला लागलो. तो उठून गाडीच्या पुढे गेला, वाकून जाळीतून आत बघितलं. मग सवयीने बॉनेटवर तळवा ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

"डोंगरावरून आलास ना?" त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा झाला होता. "बघ की, तापलीसुद्धा नाही. झकास काम केलंय बाईने."

"हात काढ," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, मी अजून काहीतरी बोलेन. मी दोर गुंडाळत राहिलो. त्याने हात उचलला, कुठे ठेवावा ते न कळून पँटीला पुसला, आणि गॅरेजच्या दिशेने चालायला लागला. रस्ता सरळ आहे तो, बराच लांबपर्यंत माणूस दिसतो. मी दुकानात गेलो आणि उद्याच्या काचांची मापं काढायला घेतली.