अर्ध्या गोधडीचा स्टुडिओ

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे आणि म्हातारपणी मी चक्क स्टुडिओ झाले. हसू नका! मला स्वतःला हे कळलं तेव्हा माझे टाके उसवायची वेळ आली होती.

माझा जन्म परभणीकडच्या एका खेड्यातला. चांगुणाबाईंनी आपली विटलेली लुगडी एकावर एक अंथरली आणि धावदोरा घालत मला शिवलं. त्या नव्या मुंबईत आल्या तेव्हा ट्रंकेत मीही आले. सानपाड्याच्या छोट्याशा घरात मी पाहुण्यांचं पांघरूण झाले, इस्त्रीखाली अंथरली गेले. त्यांची लेक संघमित्रा तापाने फणफणली की माझ्यातच गुरफटून झोपायची.

ही संघमित्रा मोठी झाली, कुरिअरच्या ऑफिसात लागली, पण तिचा जीव सगळा गाण्यात. एके दिवशी तिने मला उचललं, कपाटाच्या उघड्या दारांवर तंबूसारखं टाकलं आणि आत बसून हेडफोनच्या चिमुकल्या माइकसमोर गायला लागली. मी चक्रावलेच. आजवर मी थंडी अडवली होती, आता शेजारच्यांचा मिक्सर आणि सोसायटीचा पंप अडवायचा होता. पोरगी घामाने निथळायची, पण आवाज मात्र स्वच्छ यायचा.

तिने ते गाणं लहान मुलांच्या एका मालिकेसाठी पाठवलं. आणि काय सांगू, मालिका काढणाऱ्या राजेश्वरी मॅडमचा फोन आला! आवाज पसंत होता. आता मालिकेचं गाणं तिने स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायचं. ते जमलं तर पुढची सगळी गाणी तिची.

मग काय, संघमित्राने मोबाइलवर ढिगाने व्हिडिओ पाहिले. कोण म्हणे हा माइक घ्या, कोण म्हणे तो. शेवटी साठवलेले जवळजवळ सगळे पैसे तिने एका झगझगीत माइकवर घातले. उरल्यासुरल्यात भिंतीला चिकटवायचे काळे स्पंजचे चौकोन आणले. बोटभर जाडी नव्हती मेल्यांना! "आता गोधडीची गरज नाही," असं ती म्हणाली, तेही माझ्यासमोर.

चांगुणाबाईंनी माझी घडी घातली. लेकीच्या स्टुडिओत ही ठिगळं कुणी पाहिली तर काय म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, दुर्गाबाई, दारात आली होती. त्यांनी मला तिच्या पुढ्यात टाकलं आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. एक डबा! त्याचं झाकणसुद्धा नीट बसत नव्हतं.

दुर्गाबाईने घरी नेऊन मला कात्रीने मधोमध कापलं. एक भाग कळंबोलीच्या ट्रकवाल्याला इंजिन पुसायला विकला. उरलेल्या भागात तिने पातेली गुंडाळली, चरे पडू नयेत म्हणून. मी सुन्न झाले. इतकी वर्षं मायेने पांघरलेली मी, आणि माझी ही गत!

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. नवा माइक भलताच तिखट कानांचा निघाला. त्याने पंप ऐकला, मिक्सर ऐकला, फरशीवरून उलटून येणारा आवाजही ऐकला. गाणं न्हाणीघरात म्हटल्यासारखं घुमलं. ते ऐकून राजेश्वरी मॅडम फोनवर म्हणाल्या, "पहिलं गाणं ज्या स्टुडिओत केलंत ना, तिथेच जाऊन करा. उद्या संध्याकाळपर्यंत मिळालं नाही, तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

संघमित्रा बुचकळ्यात पडली. कसला स्टुडिओ? मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती स्वयंपाकघरात धावली.

"आई, गोधडी कुठंय?"

चांगुणाबाईंनी फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी विचारत विचारत सानपाडा स्टेशनाबाहेर पोचल्या. दुर्गाबाई पातेली मांडून बसली होती. चांगुणाबाईंनी पातेली बाजूला करून मला उलगडलं. मी अर्धीच होते. दुर्गाबाई ओशाळली. "तुमीच दिली ना ताई? मला काय ठाऊक," म्हणत तिने मला झटकून परत दिलं. डबा मात्र काही केल्या परत घेतला नाही.

घरी येऊन पाहतात तर मी कपाटाच्या दारांना पुरेना. तेव्हा चांगुणाबाई लेकीच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी मला उंच धरलं. पुढे नवा माइक, मागे मी, आणि माझ्यामागे त्या. त्यांचे हात भरून आले होते, ते मला टाक्याटाक्यात कळत होतं. गाणं संपलं. पुन्हा एकदा घ्यावं का, असं संघमित्राने चाचरत विचारलं.

"घे," त्या म्हणाल्या. "माझे हात आहेत."

ते गाणं पसंत पडलं! नामावलीत घालायला राजेश्वरी मॅडमनी स्टुडिओचं नाव विचारलं. संघमित्राने जराही न थांबता सांगितलं, "चांगुणाबाई." आत ओट्यापाशी त्यांच्या हातून डब्याचं झाकण खणकन पडलं.

माझा दुसरा अर्धा भाग कुठल्या ट्रकमध्ये तेल पुसतोय, कोण जाणे. तो आता मिळायचा नाही. मित्रांनो, नवं जरूर घ्या, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण जुनं दाराबाहेर काढण्याआधी एक दिवस त्याच्यावाचून काढून बघा. डबा काय, नंतरही मिळतो.