बायकांचा अर्धा वाटा

आमच्या गावात पाण्याचा वाटा दगडांवर ठरतो. दर जेठ महिन्यात नदीच्या धारेत दगड, झुडपं, माती घालून बांध उभा करायचा आणि पाणी पाटाला वळवायचं. राबायला घरचा पुरुष आला तर पुरा वाटा, बाई आली तर अर्धा. हा नियम कुणी घातला ते कुणाला ठाऊक नाही, पण घालणारा पुरुषच असणार.

खालच्या अंगाच्या आम्हा नऊ घरांतले पुरुष कतारला, नाहीतर मलेशियात. म्हणजे दगड आम्ही वाहायचे आणि पाणी अर्धं घ्यायचं. गेल्या साली पाणी माझ्या निम्म्या खाचराला पुरलं, पुढची रोपं डोळ्यांदेखत करपली. पोरांनी वर्षभर भाताऐवजी नाचणीच्या पिठाचा घट्ट ढिंडो खाल्ला. यंदा मी सगळ्याजणींना सांगितलं, पुरा वाटा नाही तर दगड नाही. आठहीजणी हो म्हणाल्या.

पाटाचा मुखिया तुलबीर, गावनात्याने आमचा काइला दाजू, म्हणजे चौथा थोरला भाऊ, सभेत हसला. "जसमाया, बांधाचा मधला धोंडा तुझ्याच्याने हलतो का?"

"तुमच्या एकट्याच्याने हलतो का, दाजू?"

मग वरच्या अंगाचे सहा पुरुष आमच्याशिवायच गेले. दोनदा बांध घातला, दोनदा धारेने नेला. पाचव्या दिवशी दाजू माझ्या अंगणात आला. माझी रोपं वाफ्यातच पिवळी पडायला लागली होती, ते त्याने येतायेताच बघून घेतलं.

"तुला पुरा वाटा देतो," तो आवाज खाली करून म्हणाला. "उद्या उजाडताच ये. बाकीच्यांना बोलू नकोस."

मी हो म्हणाले. सांगायची लाज वाटते, पण म्हणाले.

सकाळी टोपली पाठीला लावून निघाले, तर बांधाकडच्या चढाच्या वळणावर आमच्यातलीच पूर्णकली. तिच्या मागून खिमी. दोघींच्याही पाठीवर टोपल्या.

"गवताला चाललेय," पूर्णकली म्हणाली.

"मीपण," खिमी म्हणाली.

त्या चढावर गवताची काडी उगवत नाही. "तुम्हालाही पुरा वाटा कबूल केलाय ना?" मी विचारलं. दोघींनी माना खाली घातल्या. माझं डोकंच फिरलं, आधी स्वतःवर, मग दाजूवर. सहा पुरुष आणि तीन बायका, एवढ्यात बांध उभा राहतो, हे त्याने बरोबर जोखलं होतं. आणि पुढच्या साली दोघींत भागलं, तर तिसरीला कोण विचारणार?

"खाली चला," मी म्हणाले. "सगळ्यांना घेऊन येऊ."

नऊजणी नदीवर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. टोपल्या खाली ठेवल्या आणि दगडांवर बसलो.

"नऊजणींना पुरा वाटा," मी म्हणाले.

दाजूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो बाकीच्या सहाजणींना म्हणाला, "हिला आधी विचारा, सकाळी टोपली घेऊन एकटीच कुठे निघाली होती."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खोटं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. "इथेच येत होते. मला पुरा वाटा देतो म्हणाला. मी हो म्हटलं होतं."

मग दिलसरी उठली. तिचं खाचर पाटाच्या अगदी शेवटाला. आता ही घरी जाणार आणि हिच्यामागून सगळ्या, असं मला वाटलं.

"मला बोलावलं असतं तर मीपण निघाले असते," ती म्हणाली. "मला कुणी बोलावलंच नाही. आता बोलवा की, दाजू. सगळ्यांना एकदम बोलवा." आणि ती येऊन माझ्या शेजारी बसली.

दाजूने कोरड्या पाटाकडे बघितलं. रोपं त्याचीही वाफ्यातच होती.

"बरं," तो म्हणाला. "नऊजणींना पुरा."

कुणीच उठलं नाही.

"पुढच्या साली?" दिलसरीने विचारलं.

"पुढच्या सालीही," असं त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, तेव्हा आम्ही उठलो.