गणपतकाकांचं गाऱ्हाणं

भायखळ्याच्या शांतवन साळवेला येशूने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं होतं आणि तो करतही होता. त्याची हरकत एवढीच होती, की नम्रताने नेमकं त्याच्याच शेजाऱ्यावर प्रेम करू नये.

हा बायबलच्या अर्थाने शेजारी म्हणजे लालबागचे गणपतकाका, त्याच्या जिगरी दोस्ताचे, मयूरचे वडील. मयूरला शांतवन रोज सकाळी मोबाइलवर बायबलमधलं वचन पाठवायचा आणि मयूर न वाचता हात जोडल्याचं चित्र पाठवायचा. काकांना पत्रकं द्यायचा, काका ती घडी करून डुगडुगत्या टेबलाखाली घालायचे. तरी शांतवनने आशा सोडली नव्हती.

मग काका मोरीत पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि परळच्या एका इस्पितळात आडवे झाले. चर्चच्या तरुण संघातली नम्रता मदतीला जाऊ लागली. ही चर्चमध्ये ईस्टरला आलेली, बाप्तिस्म्याच्या पाण्यात भिजलेले केस अजून वाळायचे होते. ती काकांना पेज भरवायची, नखं कापायची. एकदा काकांनी विचारलं, "तू कोणाच्या सांगण्यावरून येतंस गो?"

"येशूच्या," ती म्हणाली आणि पुढचा चमचा धरला. संपला उपदेश.

त्यावर काका मयूरला म्हणाले, या पोरीच्या देवाची ओळख करून घ्यायला हवी. या पोरीच्या! शांतवनला जेवण जाईना. रविवारी चर्चमध्ये नम्रता देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायला उभी राहणार, पास्टर डोळे पुसणार, आणि आपण मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवणार.

शनिवारी भेटीच्या वेळेला तो इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्डात हजर झाला. नम्रता काकांचे पाय पुसत होती. तिला जरा सरकायला सांगून त्याने काकांच्या कपाळावर हात ठेवला आणि आजोबांकडून शिकलेल्या खणखणीत मराठीत 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या' अशी सुरुवात केली. पापांची क्षमा झाली, स्वर्गाचं दार झालं, सार्वकालिक जीवन आलं. काका आदराने डोळे मिटून पडले होते.

शेजारच्या खाटेवरच्या, गळ्यात हात बांधलेल्या दगडूला वाटलं, म्हातारा चालला. त्याने उशाखालून गंगाजलाची बाटली काढली आणि झाकणभर काकांच्या तोंडात ओतलं.

काकांना जोराचा ठसका लागला. "मेल्यांनो, मी जितो आसंय."

सगळा वॉर्ड हसला. शांतवनला फक्त नम्रताचं हसू ऐकू आलं. तो स्टुलावर बसला आणि खरं ते तोंडातून निसटलं.

"काका, मी तुमच्यासाठी आलोच नव्हतो. मी हिच्यावर जळतोय."

काका त्याच्याकडे मान वळवून म्हणाले, इतकी वर्षं तू बातम्या दिल्यासारखा बोलायचास, आज पहिल्यांदा माणसासारखा बोललास. मग त्यांनी हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं छताकडे बघून गाऱ्हाणं घातलं.

"बा येशू देवा म्हाराजा, ह्यो आमचो झील तुझा नाव घेऊन फिरता. तेच्या पोटात जा काय जळता हा, ता इझव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दगडू म्हणाला. मागोमाग अख्खा वॉर्ड म्हणाला. सलाइन बदलणारी नर्ससुद्धा म्हणाली, आणि ती केरळची होती.

शांतवनचं आमेन त्या गलक्यात बुडालं. पोटातलं मात्र खरंच विझलं. त्याने नम्रताच्या हातून ओला पंचा घेतला आणि काकांचा राहिलेला पाय पुसायला लागला.

त्याच्या प्रार्थनेला घरचेसुद्धा जेमतेम आमेन म्हणायचे. काकांनी पहिल्याच खेपेला वॉर्ड हलवला होता. बोटं पुसता पुसता शांतवनच्या लक्षात आलं, की आता आपण काकांवर जळायला लागलो आहोत. उद्या त्यांनाच आणखी एक गाऱ्हाणं घालायला सांगावं लागणार होतं.