सोमवारी परत आणायचे बूट

मी एक जुनी बुटांची मांडणी आहे. मित्रांनो, गेल्या मार्चमध्ये आमची शाळा बंद झाली. आता हे वाक्य विसरा. मी काही बोललेच नाही. शाळा चालू आहे, मुले यायची आहेत आणि मी दारात उभी आहे. बसण्याची सोय सुताराने मला ठेवलेली नाही.

माझा जन्म जपानमधल्या कामोझाकी गावाच्या बंदरामागे राहणाऱ्या एका सुताराकडे झाला. त्याने देवदाराच्या फळ्या स्वतःच्या मुलाच्या पायाच्या मापाने कापल्या. त्यामुळे माझ्या कप्प्यांत मुलांचे बूट ऐसपैस राहतात आणि मोठ्यांचे बूट टाचा बाहेर काढून झोपतात. मला चाळीस तोंडे आहेत आणि नाक एकही नाही. या धंद्यात यापेक्षा मोठे वरदान नाही.

माझे काम सोपे. सकाळी मुले बाहेरचे बूट माझ्याकडे ठेवत आणि शाळेच्या आत घालायचे पांढरे बूट चढवत. घरी जाताना उलट. शुक्रवारी पांढरे बूट पिशवीतून घरी जात, तिथे घासून धुतले जात आणि सोमवारी परत येत. कामोझाकीत शाळेचे तोंड पाहिलेल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात हे केलेले आहे. शनिवार-रविवार मी रिकामी असे. सोमवारची वाट कशी पाहतात, हे मला विचारा मित्रांनो.

इतर शाळांत कप्प्यांवर मुलांची नावे असतात. आमच्याकडे अक्षरांशी न जमणारी मुले येत. कुणाला अक्षरे उलटी दिसत, कुणाचे आकडे ओळ सोडून पळत. म्हणून मुख्याध्यापिका कुवाबारा बाईंनी माझ्यावर स्वतः चित्रे काढली. मुळा, छत्री, खेकडा. बाईंना चित्रकला येत नव्हती, पण धीर फार होता.

खेकड्याच्या कप्प्यात चिसातोचे बूट असत. ती आधी डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत होती. तिथे तिला रोज उभे करून धडा वाचायला लावत आणि वर्ग हसे. मग तिने वाचणे सोडले आणि पाठोपाठ बोलणेही. आमच्याकडे आल्यावर एक अख्खा हिवाळा ती गप्प होती. मग एका सकाळी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, हा खेकडा नाही. पंखा आहे."

बाई आनंदाने रडल्या. खेकडा मात्र त्यांनी सुधारला नाही. पुढे चिसातो इतकी बोलू लागली, की "जरा गप्प बस गं" हे वाक्य शाळेत पुन्हा ऐकू आले. बाई ते म्हणायच्या तेव्हा त्यांच्या तोंडावर साखर पसरल्यासारखी दिसे.

आणि मग नगर कार्यालयातून निशिगाकी साहेब आले. मुले कमी आहेत, म्हणून ही शाळा बंद करून सर्वांना मोठ्या शाळेत पाठवायचे, असे ते माझ्यासमोर उभे राहून, कमरेत वाकून, अतिशय आदराने म्हणाले. पालकांनी सह्या गोळा केल्या. बंदरावर, बर्फात, फलक धरून उभे राहिले. शेवटी सभा झाली.

"मोठ्या शाळेत सगळ्या सोयी आहेत," साहेब म्हणाले. "नवी लिफ्टसुद्धा आहे."

चिसातोचे बाबा, त्सुचिया, समुद्रातली माकूळ मासळी वाळवून विकत. ते म्हणाले, "साहेब, माझ्या पोरीचे पाय धडधाकट आहेत. तिची अक्षरं जागेवर राहत नाहीत. ती लिफ्टनं वर जातात का?"

"हे मी वरिष्ठांना विचारून कळवतो."

"विचाराच. आणि पोरगी पुन्हा मुकी झाली तर कोणत्या मजल्यावर उतरायचं, तेही विचारा."

"अहो, हळू," चिसातोची आई म्हणाली. "साहेबांचा चहा गार होतोय."

वरिष्ठांचे उत्तर आले नाही. निर्णय आला.

शेवटचा दिवस शुक्रवार होता. मुलांनी पांढरे बूट पिशव्यांत भरले. निशिगाकी साहेब दाराशी किल्ली घेऊन उभे होते आणि प्रत्येकाला वाकून निरोप देत होते. मन भरून आले की माणूस तोंडाला येईल ते बोलतो. साहेबांच्या तोंडाला लहानपणापासून पाठ झालेले वाक्य आले. "स्वच्छ धुवा हं," ते मुलांना म्हणाले. "आणि सोमवारी परत आणायला विसरू नका."

सगळे थांबले. साहेबांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. खऱ्या खेकड्यासारखा, बाईंच्या नव्हे.

"ऐकलं साहेब," चिसातोची आई म्हणाली. "विसरत नाही."

सोमवारी सगळे बूट धुऊन परत आले.

"मी... ते सवयीनं बोलून गेलो हो," निशिगाकी साहेब म्हणाले.

"आम्हीही सवयीनंच आलो," आई म्हणाली.

अधिकाऱ्याने सर्वांदेखत दिलेला शब्द मागे घ्यायचा कसा, याची पद्धत नगर कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हती. बैठका झाल्या. ठरले ते असे: शाळा बंदच आहे, मात्र शेवटच्या दिवशी नेलेले बूट सोमवारी ठेवण्यास व शुक्रवारी नेण्यास हरकत नाही. इमारतीत प्रवेश मना आहे. पण बूट काढायची जागा इमारतीच्या आत धरायची की बाहेर, यावर एकमत न झाल्याने तेवढी उघडी राहील.

अशा रीतीने मी म्हणजेच शाळा झाले. मुले दिवसभर मोठ्या शाळेत जात. तिथे चिसातो पुन्हा गप्प झाली होती. पण सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती पांढरे बूट घालून माझ्यासमोरच्या पायरीवर बसे, आणि कुवाबारा बाई सर्वांना तासभर वाचायला शिकवत. बाकीच्या दिवसांचे बोलणे ती त्या तासात उरकून घेई. आई-बाबा बाहेर वाऱ्यात उभे राहून ऐकत. निशिगाकी साहेब किल्ली घेऊन उभे असत आणि तास संपला तरी त्यांना कुलूप सापडत नसे. ते दारालाच असे.

पण मित्रांनो, मुलांना एक वाईट खोड असते. ती वाढतात.

शरद ऋतूत छत्रीच्या कप्प्यातल्या मुलाची टाच बुटात जाईना. त्याच्या आईने नवे बूट आणले. साहेबांनी मान खाली घातली. "परवानगी शेवटच्या दिवशीच्या बुटांना आहे. नवे बूट म्हणजे नवा प्रवेश. बंद शाळेला नवा प्रवेश देता येत नाही हो."

"तुम्हाला काय वाटतं, पोरानं मुद्दाम वाढवलेत पाय?"

"नाही. पण तसा खुलासा केला तरी चालणार नाही."

मग मुळा गेला. एकेक तोंड मिटत गेले. बर्फ पडू लागला तेव्हा फक्त चिसातो उरली. तिचे बाबा दर शनिवारी ते बूट ओले करून माकूळ ताणायच्या खुंट्यांवर ताणून ठेवत.

"लागतात का गं?" आई विचारी.

"नाही."

"मग लंगडतेस कशाला?"

"ऐटीत चालतेय."

गेल्या सोमवारी निशिगाकी साहेब तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. बुटाच्या दुकानात दाबून बघतात तसे त्यांनी अंगठ्याने बुटाचे टोक दाबले. आत बोट गच्च भिडलेले होते. साहेबांनी पुन्हा दाबले आणि आई-बाबांकडे पाहिले.

"अजून जागा आहे," ते म्हणाले. चिसातो वाचायला बसली.

पण साहेबांचा अंगठा फार दिवस खोटे बोलू शकणार नाही. म्हणून मी हा अर्ज करत आहे.

प्रति,
माननीय शिक्षणप्रमुख,
नगर कार्यालय, कामोझाकी.

महोदय,
वरील परिस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा. आमची शाळा पुन्हा उघडण्याबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत कु. चिसातो त्सुचिया हिच्या दोन्ही पायांची वाढ तात्पुरती स्थगित ठेवण्यात यावी, आणि तसा लेखी आदेश संबंधित पायांना त्वरित देण्यात यावा, ही नम्र विनंती.