डाव्या कानाचं औषध

वान ग्वेलान सलग तिसऱ्या सकाळी नदीकाठच्या त्या मोठ्या हॉटेलासमोर उभी होती आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. नानचांगमध्ये नोव्हेंबरचा वारा सुटला की शहाणी माणसं पोरांना एकावर एक दोन विजारी चढवतात. आणि इथे तिची दोउदोउ, अवघी बावीस महिन्यांची, त्या दाढीवाल्या परदेशी बाप्याच्या छातीवर पिशवीत अडकवलेली. तोंड वाऱ्याकडे, घोटे उघडे, कान उघडे. टोपी नव्हती असं नाही. टोपी होती, बाईच्या हातात होती आणि बाई ती हलवत नदीवरच्या बोटी मोजत होती!

खरं तर ‘तिची’ म्हणायचा हक्क रविवारीच संपला होता. अनाथालयाने चौदा महिन्यांपूर्वी ते पोर ग्वेलानकडे घरी सांभाळायला दिलं, तेव्हाच सांगितलं होतं की परदेशी आईबाप ठरले की फाटकाशी आणून द्यायचं आणि मागे वळून बघायचं नाही. ते लोक शहरात असेपर्यंत त्यांच्या आसपासही फिरकायचं नाही. आधीच्या दोन पोरांच्या वेळी ग्वेलानने हा नियम मुकाट्याने पाळला होता. घरी येऊन आठ-आठ दिवस भांडी आपटली, नवऱ्याशी भांडली, पण पाळला.

या वेळी प्रश्न कानाचा होता.

दोउदोउचा डावा कान वाहायचा. वारा लागला की दुसऱ्या दिवशी ताप ठरलेला. डॉक्टरांनी थेंब दिले होते, सकाळ-संध्याकाळ घालायचे, थंडी सरेपर्यंत एक वेळही चुकवायची नाही. चुकलं तर पडदा जाईल आणि पोर त्या कानाने कायमची बहिरी होईल. ग्वेलानने हे सगळं चिठ्ठीवर लिहिलं आणि बाटलीसकट पोरीच्या कपड्यांच्या पिशवीत ठेवलं. अनाथालयातल्या लिआओ बाईंनी तिच्या डोळ्यांदेखत पिशवी उचकटली आणि चिठ्ठी फाडली.

“फाइलीत मूल निरोगी आहे,” लिआओ बाई म्हणाल्या. “आता कानाचं काढलंस तर सगळे कागद पुन्हा बीजिंगला. पोरीला दोन वर्षं आणखी इथेच कुजवायचंय का तुला?”

“फाइलीत लिहिलं म्हणून कान वाहायचा थांबतो होय?”

“तू सांभाळायचं काम करतेस ना? मग तेवढंच कर.” आणि बाटली तिच्या हातात परत कोंबली.

तेव्हापासून ती बाटली ग्वेलानच्या खिशात होती आणि ग्वेलान त्या दोघांच्या मागावर.

लाओ श्यू, तिचा नवरा, रात्री जेवताना म्हणाला होता, “कोणी बघितलं ना, तर पुढचं पोर विसर.”

“विसरले,” ती म्हणाली आणि मिरचीचा तुकडा त्याच्या भातात टाकून उठली.

तीन दिवसांत ग्वेलानने जेवढं नानचांग पाहिलं, तेवढं जन्मात पाहिलं नव्हतं. नवरा-बायको ऑस्ट्रेलियातले. बाई उंच, ताडमाड, हेदर नावाची, दाढीवाला रसेल. सोबत चोउ यान नावाची दुभाषी पोरगी, हातात पिवळी छत्री उंच धरून चालणारी. पहिल्या दिवशी ते गल्लीगल्लीतून फिरले आणि दोरीवर वाळत घातलेल्या लोकांच्या चड्ड्यांचे फोटो काढले. भल्या माणसांनो, तुमच्याकडे चड्ड्या धूत नाहीत का? दुसऱ्या दिवशी ते रांजणातल्या सूपच्या दुकानात शिरले, शेवयांतली मिरची खाऊन दाढीवाला लालबुंद झाला आणि सगळं दुकान त्याला पाणी पाजायला धावलं. ग्वेलानही हसली असती, पण तिची नजर पोरीवर होती. दोउदोउ हूं की चूं करत नव्हती. वाढपिणीला चोउ यान मोठ्या कौतुकाने सांगत होती, “दोन दिवसांत एकदाही रडली नाही. फार शहाणी पोर.”

शहाणी! दोउदोउसारखं भोकाड अख्ख्या गल्लीत कोणाचं नव्हतं. ती गप्प बसलीय म्हणजे भेदरलीय, एवढंही या पढतमूर्ख मुलीला कळू नये?

आणि रस्त्यात जागोजागी बायका त्या दोघांना अडवत होत्या. नानचांगच्या बायका दुसऱ्याचं पोर थंडीत उघडं दिसलं तर गप्प बसत नाहीत, का बसावं? “अगं बाई, पोर आहे की कोबीचा गड्डा? असं टांगलंय काय!” एक आजी दाढीवाल्याच्या दंडावर चापट मारून म्हणाली, “पाय बघ तिचे! तुला कोणी जन्म दिला की नाही?” दर वेळी चोउ यान गोड हसून इंग्रजीत दोन शब्द बोलायची आणि हेदर छातीवर हात ठेवून, वाकून, मोडक्या चिनीत म्हणायची, “आभारी आहे, आभारी आहे!” शिव्या खाऊन आभार मानणारी बाई ग्वेलान पहिल्यांदाच बघत होती.

आज, तिसऱ्या दिवशी, ती त्यांच्या मागोमाग मोठ्या चौकात आली. एका बाजूला बायका पंखे घेऊन नाचत होत्या, वर पतंग होते, म्हणजे वारा किती असेल ते समजा. दोउदोउ आता हेदरच्या कडेवर होती. तिचे गाल लाल झाले होते आणि ती डावा कान मुठीत धरून ओढत होती.

ग्वेलानला ते दिसलं आणि नियम, लिआओ बाई, नवरा, सगळं डोक्यातून गेलं. ती मागच्या बाजूने, पोरीला तोंड दिसणार नाही अशी, चोउ यानजवळ गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “हिला सांग, पोरीचा डावा कान वाहतो. हे औषध दोन वेळा घालायचं असतं. आधीच तीन दिवस चुकलेत. आज घातलं नाही तर कान जाईल.”

चोउ यानने हसरा चेहरा केला आणि इंग्रजीत दोन शब्द बोलली. हेदर मागे वळली, छातीवर हात ठेवून वाकली. “आभारी आहे!”

ग्वेलानने चोउ यानची बाही ओढली.

“काय सांगितलंस तिला?”

“सांगितलं ना, मावशी. आता जा.”

“एवढ्या बोलण्याचे दोनच शब्द होतात? काय सांगितलंस?”

चोउ यान खालच्या आवाजात, पण तेच हसू ठेवून म्हणाली, “मूल गोड आहे म्हणता, असं सांगितलं. मावशी, सगळेच दुभाषे असं करतात. ही माणसं आधीच घाबरलेली असतात, त्यात रस्त्यावरची प्रत्येक आजी त्यांना झापते. तेही सगळं सांगत बसलो तर ती खोलीतून बाहेर पडायची नाहीत. ऑफिसात पहिल्याच दिवशी शिकवतात, पाहुणे खूश राहिले पाहिजेत.”

ग्वेलानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तीन दिवस अख्खं शहर घसा फोडून सांगत होतं, पोर गारठतंय, कान झाका, पाय झाका, आणि ही बया ते सगळं गिळून त्यांना साखर वाटत होती!

“खूश?” ती ओरडली. दबका आवाज कुठल्या कुठे गेला. “पोर बहिरी झाली की होतील का खूश? अगं, शब्द पोचवायचा पगार घेतेस ना तू? की अडवायचा?”

नाचणाऱ्या बायका थांबल्या. आणि हेदरच्या कडेवरची दोउदोउ ताठ झाली. तिने मान वळवली, आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि तीन दिवसांचं साठलेलं भोकाड एकदम पसरलं. “मा! मा!” करत तिने दोन्ही हात पुढे टाकले आणि कमरेपासून अशी लवली की हेदरचा तोल गेला.

ग्वेलानने आपले हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. एकदा घेतलं असतं तर ना पोरीने सोडलं असतं, ना तिने.

हेदरचा चेहरा पांढरा पडला होता. तिने चोउ यानला काहीतरी विचारलं. चोउ यानने नकारार्थी मान हलवली.

“काय विचारतेय?”

“तुम्ही कोण, असं विचारतेय.”

“मग तू काय म्हणालीस?”

चोउ यानने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

“माहीत नाही म्हणालीस, हो ना? रस्त्यावरची कोणीतरी!” ग्वेलानचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. “सांग तिला. चौदा महिने हे पोर माझ्या अंथरुणात झोपलंय म्हणावं. माझ्या ताटातला भात खाल्लाय. सांग!”

“लिआओ बाईंना कळलं तर तुमचंही काम जाईल, मावशी, माझंही.”

“जाऊ दे माझं. तुझं काय ते तू बघ.”

चोउ यानने पिवळी छत्री मिटली. मग ती बोलू लागली आणि या वेळी दोन शब्दांत थांबली नाही. बोलता बोलता तिचं हसू गेलं. हेदर ऐकत होती, दाढीवाला ऐकत होता. मध्येच हेदर मोठ्याने काहीतरी म्हणाली.

“ती म्हणतेय, त्यांना सांगितलं होतं की मूल जन्मल्यापासून अनाथालयातच होतं. खाटेवर.”

“खाटेवर? एक रात्र नाही झोपली ती खाटेवर!” ग्वेलानने खिशातून बाटली काढली. “हे बघ, ते भांडण मी नंतर करीन. आधी औषध. बस म्हणावं तिला त्या बाकावर.”

चोउ यानने सांगितलं. दाढीवाला वाऱ्याच्या बाजूला आडोसा धरून उभा राहिला. हेदरने रडणारी दोउदोउ मांडीवर घेतली आणि बाटलीसाठी नव्हे, तर पोरीला ग्वेलानकडे देण्यासाठी हात पुढे केले. डोळ्यांनी ती म्हणत होती, तुम्ही घाला.

“मी नाही,” ग्वेलान म्हणाली. “उद्या काय मी येणार आहे तिच्या देशात? तिलाच घालू दे, माझ्यासमोर. बाटली आधी काखेत धर म्हणावं, गार थेंबाने पोरीला चक्कर येते. हां. आता आडवी कर. अशी नाही! डावा कान वर, डावा! कानाची पाळी मागे आणि खाली ओढ. अगं, धोंड्याचे हात आहेत का तुझे? हळू!”

चोउ यानने एकूण एक शब्द सांगितला. धोंड्याचे हातसुद्धा. हेदर घाबरून एकदा तिच्याकडे बघत होती, एकदा पोरीकडे, पण तिने पाळी सोडली नाही. चार थेंब पडले. दोउदोउ जीव खाऊन किंचाळली.

“शंभर मोजेपर्यंत हलू द्यायचं नाही,” ग्वेलान म्हणाली.

हेदर तिच्या भाषेत मोजू लागली, ग्वेलान आपल्या. शंभर झाले. हेदरने पकड सैल केली.

यापुढे काय होतं, हे ग्वेलानला चौदा महिन्यांच्या सवयीने पाठ होतं. पोर आधी रागाने दोन लाथा झाडते आणि मग जिने औषध घातलं, तिच्याच मानेत तोंड खुपसून मुसमुसते. ग्वेलान नकळत एक पाऊल पुढे सरकली. तिचे हात पाठीमागून सुटले.

दोउदोउने दोन लाथा झाडल्या. मग वर सरकली आणि हेदरच्या मानेत तोंड खुपसलं.

ग्वेलानचे हात तसेच राहिले.

“बघितलंस?” ती चोउ यानवर तडकली. “बघितलंस या पोरीला? चौदा महिने रात्र-रात्र जागले मी! आणि ही... तीन दिवसांत...”

हेदर पोरीची पाठ थोपटत ग्वेलानकडे बघत होती. तिने हळूच काहीतरी विचारलं.

“तुम्ही काय म्हणालात, ते विचारतेय,” चोउ यान म्हणाली. “काय सांगू, मावशी?”

ग्वेलानने बाहीने नाक पुसलं आणि बाटली बाकावर हेदरच्या शेजारी ठेवली.

“बरोबर घातलंस म्हणावं,” ती म्हणाली. “आणि आता बसून काय राहिलीस, वारा किती आहे. घरी घेऊन जा तिला.”